धुतलेले निरोप

दादाला बाबांच्या स्कूटरच्या आवाजावरून संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. बाबा कळमेश्वरला एका कारखान्यात सुपरवायझर होते. दिवस मावळायच्या बेताला ते काटोल रोडवरून नागपुरातल्या आमच्या गल्लीत वळले की मला आणि गुड्डूला नुसती स्कूटर ऐकू यायची. दादा मात्र मान थोडी वाकडी करून ऐकत राहायचा. स्कूटर फाटकाशी येऊन जराशी घुरघुरली आणि मग सावकाश बंद झाली, तर तो पुन्हा पुस्तकात डोकं घालायचा. झटक्यात बंद होऊन स्टँड फरशीवर आपटलं, तर पुस्तक मिटून उठायचा, गुड्डूच्या पायात चपला सरकवायचा आणि मला म्हणायचा, "चाल बाई, दूध आणाले जाऊ." दूध घरात असायचंच. त्याचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

आम्ही तिघं भावंडं. दादा मोठा, मी मधली, आणि माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला गुड्डू. मी धाकटी असूनही दादा मला बाई म्हणायचा, रागावला की जास्तच. आई सदर बाजारात एका साड्यांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडत, गोड बोलत उभी राहायची, आणि तिच्याकडचं गोड बोलणं घरी येईपर्यंत संपलेलं असायचं. बाबांचं कारखान्यात काय संपायचं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण संध्याकाळी घरात पाऊल टाकणारे ते दोघं आधीच दमलेले, आधीच चिडलेले असत, आणि एकमेकांशिवाय चिडायला दुसरं कोणी नसे.

बाबांनी आईवर कधी हात उचलला नाही, आईनं रागावून माहेर गाठलं नाही. कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. भाजीतल्या मिठावरून सुरू झालेलं भांडण आजीपर्यंत, तिथून मामापर्यंत, तिथून लग्नाच्या मांडवात कोण कुणाला काय बोललं इथपर्यंत जायचं आणि मग एकदम थांबायचं. थांबलं की अबोला. भांडण एक वेळ परवडलं, अबोला वाईट. पंधरा पंधरा दिवस घरातली दोन मोठी माणसं एकमेकांच्या शेजारून अशी जायची, जणू तिथे कोणी उभंच नाही. एकदा बाबांनी जेवणाचं ताट अंगणात फेकलं होतं. ते ताट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच पडून होतं, कारण ते ज्यानं उचललं तो हरला, असं दोघांनाही वाटत असावं. शेवटी दादानं उचललं, घासलं आणि फळीवर लावून ठेवलं.

त्या अबोल्यात घर चालायचं ते दादाच्या तोंडानं. बाबा पुढच्या खोलीतून म्हणायचे, "तुह्या आईले सांग, मी मेलो तरी तिच्या हातचं जेवणार नाही." दादा स्वयंपाकघरात जाऊन म्हणायचा, "आई, बाबा म्हणून राहिले, जरा वेळानं जेवतो." आई तव्यावरची नजर न उचलता म्हणायची, "सांग त्यायले, ताट कुत्र्याले टाकून देते." दादा बाहेर येऊन म्हणायचा, "आई म्हणते, ताट झाकून ठेवते." घर एवढंसं होतं, की पुढचं आत आणि आतलं पुढे सगळं ऐकू जायचं. दोघांनीही मूळ वाक्य आपल्या कानांनी ऐकलेलं असायचं. तरी ते दादा येऊन काय सांगतो याची वाट पाहत थांबायचे. आणि थोड्या वेळानं बाबा जेवायचे. यात कोण कोणाला फसवत होतं, मला अजून उमगलेलं नाही.

मी एकदा त्याला विचारलं, "तू खोटं काहून सांगतं?"

"खोटं नाही वं," तो म्हणाला. "धुऊन देतो फक्त. मळका कपडा कोणी कोणाच्या हातात देते का?"

तेव्हा तो नववीत असेल. त्या वयाची इतर मुलं कशी बोलत, हे मला पुढे मी नववीत गेल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांकडे पाहून कळलं. ती असं काही बोलत नव्हती.

दूध आणायला म्हणून निघालो की आम्ही जायचो गोरेवाडा तलावाकडे. एकच सायकल. गुड्डू पुढे दांडीवर, मी मागे कॅरिअरवर, आणि चढ आला की मी उतरून पळायचे. दादाच्या खिशात फुटाणे असायचे. हे फुटाणे तो कधी विकत घेऊन ठेवायचा, कुणास ठाऊक. ऐन वेळी त्याच्याकडे ते असायचेच. तलावाच्या काठच्या पाळीवर बसून तो गुड्डूला पाणबदकं दाखवायचा, ती बुडाली की कुठून वर येतील यावर पैज लावायचा, आणि मुद्दाम हरायचा. गुड्डूला त्यानं सांगून ठेवलं होतं, की ही सहल. "चाल गा गुड्डू, सहल निघाली." त्यामुळे स्कूटरचं स्टँड आपटल्याचा आवाज आला की मी घाबरून दाराकडे बघायचे आणि गुड्डू टाळ्या पिटायचा. अंधार पडू लागला की परत फिरायचं. गल्लीच्या तोंडाशी आम्हा दोघांना थांबवून दादा एकटाच फाटकापर्यंत जायचा, कान देऊन उभा राहायचा, आणि मग लांबूनच हात हलवून या म्हणायचा.

आम्हा भावंडांत मात्र त्यानं भांडण होऊच दिलं नाही. मी आणि गुड्डू कशावरून तरी चढ्या आवाजात बोलू लागलो, की तो मध्ये येऊन दोघांच्या डोक्यावर एकेक टपली मारायचा. "आपल्या घरचा भांडणाचा कोटा भरलेला आहे. तुमच्यासाठी शिल्लक नाही." ज्या वस्तूवरून वाद, ती वस्तू तो घेऊन टाकायचा आणि संध्याकाळी ज्याला हवी त्याला गुपचूप देऊन टाकायचा. दोघांनाही वाटायचं, आपण जिंकलो. माझ्या मैत्रिणी आपल्या भावांना ओरबाडत, केस ओढत, तासाभरानं त्यांच्याच बरोबर कॅरम खेळत. मला त्यांचं नवल वाटायचं. आमच्याकडे बघून लोक म्हणत, "भावंडं असावी तं अशी!" आई ते ऐकून हसायची. ही तिची पुण्याई, असं तिला खरंच वाटत असावं.

दादाला डिप्लोमानंतर पुण्याला नोकरी लागत होती. मुलाखत झाली, बोलावणं आलं, आणि तो गेला नाही. बाबांना सांगितलं, पगार बरा नाही. मला सांगितलं, तिथली हवा सोसायची नाही. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला पुण्याची हवा सोसायची नाही, हे ऐकून मी हसले होते. त्या वर्षी गुड्डू पाचवीत होता. मग दादानं सदरच्या एका गल्लीत कूलर आणि पंख्यांचं दुकान टाकलं. उन्हाळ्यात कूलरच्या गवताच्या ताट्या बदलायच्या, पंप बसवायचे, हिवाळ्यात जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरत बसायचं. दुकान चांगलं चाललं. आई संध्याकाळी तिच्या दुकानातून सुटली की आधी दादाकडे यायची, चहा घ्यायची आणि मग त्याच्याबरोबर घरी यायची. त्यामुळे ती घरी पोचेपर्यंत अर्धी निवलेली असायची. हेही त्यानं ठरवूनच केलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

लग्न त्यानं उशिरा केलं, माझं झाल्यावर. वहिनी मौद्याकडची, मोकळ्या स्वभावाची, चार माणसांत खदखदून हसणारी. तिची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती आणि ती सगळ्यांसमोर करायची. "हा माणूस भांडतच नाही वं ताई. मी एवढी बोलली, एवढी बोलली, आन हा म्हणते, बरं, तुह्यावालं खरं. मंग चप्पल घालून बाहेर चालला जाते. मी काय भिंतीशी संसार करू का?" आम्ही सगळे हसायचो, दादाही हसायचा. एकदा मात्र वहिनी मला एकटीला म्हणाली, "मले वाटते, याले माह्यावर राग येण्याइतकी मी त्याची नाही." मी म्हटलं, तसं नाही वहिनी.

बाबा निवृत्त झाले, आईनं दुकान सोडलं, आणि आम्हाला वाटलं, आता दिवसभर समोरासमोर बसून हे दोघं एकमेकांना खाऊन टाकणार. दादा तेव्हा बायकोसह वेगळा राहायचा, पण रोज सकाळ-संध्याकाळ एक चक्कर मारायचा. आणि मग आई न्हाणीत पाय घसरून पडली. उजवा खांदा मोडला. बरेच महिने हात गळ्यात. मी म्हटलं, मी येऊन राहते. बाबा फोनवर म्हणाले, "कायले? मी आहे ना." बाबांच्या तोंडचं हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

त्यांनी कणीक मळायला घेतली. आईला चमच्यानं भरवू लागले. सगळ्यांत नवल म्हणजे ते तिची वेणी घालायला शिकले. एक दिवस मी सकाळी गेले तर ओसरीत आई पाटावर बसलेली, मागे खुर्चीवर बाबा, दातात रिबीन धरलेली. आई म्हणत होती, "अहो, तीन पेड घेतले ना? मंग चौथा कुठून आला?" आणि दोघंही हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या मागून दादा आला. हातात भाजीची पिशवी. तो फाटकातच थांबला. मला वाटलं, तोही हसेल. त्यानं पिशवी पायरीवर ठेवली, "दुकान उघडायचं आहे," म्हणाला आणि चहा न घेताच परतला.

आईचा हात बरा झाला, पण हे दोघं तसेच राहिले. सकाळी बरोबर फिरायला जायचे, येताना तर्री-पोहे खाऊन यायचे आणि डॉक्टरला सांगू नका म्हणायचे. बाबा आईला नावानं हाक मारू लागले. मी आणि गुड्डू खूश होतो. गुड्डू तोवर शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला होता, बेसा रोडला फ्लॅट घेतला होता, आणि दर रविवारी गाडी घेऊन आईबाबांना घेऊन जायचा. दादाच्या चकरा मात्र कमी झाल्या. रोजच्या दोन होत्या त्या एकावर आल्या, मग आठवड्याला, मग काही काम निघालं तर. विचारलं की म्हणायचा, सीझन आहे. हिवाळ्यातही म्हणायचा, सीझन आहे.

आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला. गुड्डूनं हॉल घ्यायचं ठरवलं आणि आम्हा दोघांना घरी बोलावलं. त्याच्या मनात खूप काही होतं. जुने फोटो, पुन्हा हार घालणं, नातेवाइकांची भाषणं. दादा सगळं ऐकत बसला आणि शेवटी म्हणाला, "तुम्ही करा. मी नाही येत."

गुड्डूला आधी वाटलं, थट्टा करतोय. "म्हणजे?"

"म्हणजे नाही येत."

"काहून पण? त्यायचा एवढा मोठा दिवस आहे."

"म्हणूनच."

"दादा, असा कसा गा तू? ते दोघं किती खूश आहेत आता. तुले पाहवत नाही का त्यायचं सुख?"

दादा कधी आवाज चढवायचा नाही. तेव्हाही चढवला नाही. "पाहवते ना," तो म्हणाला. "पाहतो तेव्हा मले एकच वाटते, हे इतकं सोपं होतं तं तेव्हा काहून नाही केलं? आपण लहान होतो तेव्हा यायले हात नव्हते का? वेणी घालता येत नव्हती?"

गुड्डू माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर प्रश्न होता. "तेव्हा म्हणजे कधी? थोडंफार होतच असन, सगळ्यांच्याच घरी होते. मले तं असं काही आठवत नाही. आपलं लहानपण किती मस्त होतं. आपण सहलीले जात होतो."

मी दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो सांगेल. फुटाणे, सायकल, फाटकाशी कान देऊन उभं राहणं, सगळं. त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. मग त्यानं गुड्डूकडे असं पाहिलं, जसं तो पाण्यात बुडालेल्या बदकाकडे पाहायचा. "हो," तो म्हणाला. "मस्त होतं." आणि उठून गेला.

गुड्डूला काही आठवत नव्हतं, ही दादाची कमाई होती. ती त्याच्याच गळ्याशी आली. हे मला तेव्हा दिसलं, पण त्यावर काय करावं ते सुचलं नाही. गुड्डूला सगळं सांगावं, तर दादानं इतकी वर्षं जपलेलं मी एका दुपारी मोडणार. न सांगावं, तर तो दादाला खुनशी समजणार. मी नाही सांगितलं. बरोबर केलं की चूक, आजही ठरवता येत नाही.

दोघा भावांचं बोलणं बंद झालं. ज्या घरात मोठ्यांचा अबोला संपला, त्याच घरात धाकट्यांचा सुरू झाला, आणि मधली म्हणून निरोप माझ्याकडे आले. गुड्डू म्हणायचा, "त्याले सांग, त्याचं तोंड नाही पाहायचं मले." मी दादाला फोनवर म्हणायचे, गुड्डू तुझी आठवण काढत होता. दादा हसायचा. "नीट नाही धुतलं वं बाई. डाग दिसून राहिला."

समारंभ झाला. वहिनी आली, एकटीच. आईबाबांनी एकमेकांना हार घातले, बाबा लाजले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला खूप आनंद झाला होता आणि त्याच वेळी हॉलबाहेर जाऊन कोणाला तरी जोरात काहीतरी बोलावंसं वाटत होतं. कोणाला, ते ठरत नव्हतं. बाबा मध्येच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "दादाच्या दुकानात गर्दी असन ना?" मी म्हटलं, हो बाबा. दिवाळी नुकतीच झाली होती. कूलरला कोण विचारणार होतं?

उन्हं तापायला लागली तेव्हा मी एकदा सदरला गेले होते, तर त्याच्या दुकानात डोकावले. तो खाली बसून पंपाची वायर सोलत होता. मी सरळच विचारलं, "दादा, तुले राग कशाचा आहे?"

त्यानं वायर खाली ठेवली. "राग नाही वं. समजत नाही मले. ते भांडत होते तेव्हा मी कोण आहे हे मले पक्कं माहीत होतं. आता तिकडे गेलो का आई म्हणते, बस, चहा घेतं का? पाहुण्याले विचारल्यासारखं. मंग मी बसतो, चहा घेतो. आन मले समजत नाही का आता हात कुठं ठेवावं."

मी म्हटलं, "गुड्डूशी तं बोल."

"बोलीन ना," तो म्हणाला. "त्याची काय चूक आहे? त्याले तं मीच नाही सांगितलं." मग एकदम, "तू चहा घेतं का?" म्हणाला, आणि आपलंच बोलणं ऐकून मोठ्यानं हसला.

मे महिन्यात, भर दुपारी, दुकानातच त्याच्या छातीत दुखू लागलं. शेजारच्या दुकानदारांनी दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा गुड्डू माझ्याआधी आलेला होता. मिहानहून तो इतक्या लवकर कसा आला, ते मी विचारलं नाही. दादा गेला होता. वहिनीला तिच्या बहिणीनं धरून ठेवलं होतं. बाकड्यावर आई आणि बाबा बसले होते, अगदी खेटून. बाबांनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला होता, आई त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. आणि आम्ही दोघं भावंडं त्या लांबलचक व्हरांड्याच्या दोन टोकांना उभे होतो. एकमेकांजवळ जावं, तर कसं जावं ते कळत नव्हतं. आमच्या दोघांच्या मध्ये नेहमी तो असायचा.

बाबांनी मला जवळ बोलावलं. "तो माह्यावर चिडला होता का गं?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "कामच जास्त होतं त्याले."

बाबांनी मान हलवली. आईनं मात्र डोकं उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा त्यांच्या खांद्यावर ठेवलं.

तेरवीनंतर काही दिवसांनी मी आईला विचारलं, की तुम्ही तेव्हा इतके कशावरून भांडत होता. ती खूप वेळ आठवत राहिली. अगदी प्रामाणिकपणे. "काय माहीत वं," ती म्हणाली. "आता काहीच आठवत नाही." माझा संताप झाला. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या विटक्या साडीकडे, हातावरच्या शिरांकडे बघून मला वाटलं, हिनं काय आठवून ठेवायला हवं होतं? दादा गेल्याच्या दुःखानं हे दोघं मोडले असते, पण एकमेकांना धरून उभे राहिले. हे चांगलंच झालं. तरी हे चांगलं झालेलं मला सहन होत नव्हतं.

मग एका रविवारी गुड्डू माझ्याकडे, मानकापूरला आला आणि म्हणाला, की आईबाबा चार दिवस पचमढीला जायचं म्हणतात, त्यानं गाडी सांगितली आहे.

"पचमढी?" मी म्हटलं. "दादाले जाऊन वर्ष नाही झालं अजून!"

"मंग काय करावं त्यायनं? दोन कोपऱ्यांत बसून रडावं?"

"हो! रडावं! तो लहान होता तेव्हा नाही रडले त्याच्यासाठी, आता तं रडावं!"

"तेव्हा, तेव्हा! काय झालं होतं तेव्हा? सांग ना एकदा!"

आणि मी सांगितलं. स्कूटर, ताट, निरोप, तलाव, सगळं. ओरडून सांगितलं. ज्या सहलीचं तुला एवढं कौतुक, ती काय होती ते ऐक म्हणाले. गुड्डूचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "आन हे मले आज सांगतं तू? तुम्ही दोघांनी मिळून मले येडं बनवून ठेवलं. मी शेवटचं काय बोललो त्याले, माहीत आहे ना? तुले सुख पाहवत नाही, असं बोललो. तेव्हा तू तिथंच बसून होती. तेव्हा तोंड नव्हतं का तुले?"

"त्यानं नाही सांगितलं, मी कसं सांगावं?"

"तो तं कोणाले काहीच सांगत नव्हता! म्हणूनच गेला तो!"

आम्ही इतक्या मोठ्यानं बोलत होतो, की समोरच्या घरातली बाई गॅलरीत येऊन उभी राहिली. जे मनात होतं ते बोललो, जे नव्हतं तेही बोललो. मग दोघांचंही बोलणं एकदम संपलं. गुड्डू दारात जाऊन बूट घालू लागला. एक घातला, आणि दुसरा हातात धरून तसाच थांबला. चाळिशीच्या घरातला माणूस, पण त्याचा चेहरा एकदम कोवळा दिसायला लागला.

"ताई," तो म्हणाला, "आता काय करतात?"

"कशाचं?"

"भांडून झाल्यावर. लोक काय करतात मंग?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी नवऱ्याशी भांडते, मुलींवर ओरडते, पण भावाशी भांडून झाल्यावर पुढे काय असतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, "मले नाही माहीत."

तो पायरीवर बसला. मीही जाऊन त्याच्या शेजारी बसले. समोरची बाई आत निघून गेली. बराच वेळ कोणी उठलं नाही.

"पण चूक माही नाही," तो शेवटी म्हणाला.

"माहीपण नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि हातातला बूट त्यानं खाली ठेवला.